बक्षिशीवर सोडलेला पगार

दिवाळीची पोस्त पिढ्यान्‌पिढ्या खुशीने देत आलेला आपला मराठी गृहस्थ, मुलाबाळांकडे अमेरिकेस गेला असता, उपाहारगृहातील देयकाखाली शेकडा पंधरा ते वीसची बक्षिशी गृहीत धरलेली पाहून मनातल्या मनात डॉलरचे रुपये करू लागतो. आणि जेथे अशी रीतच नाही त्या जपानातून आलेल्या प्रवाशाची तर याहून अधिक पंचाईत होते. वास्तविक खुद्द अमेरिकनांनाही ही प्रथा एके काळी परकी आणि प्रजासत्ताकाच्या समतेस कमीपणा आणणारी वाटत असे. युरोपातील सरदारी घराण्यांचा हा रिवाज अमेरिकेच्या धनिक प्रवाशांनी मायदेशी आणला. परंतु तो खोल रुजला तो यादवी युद्धानंतर, दास्यमुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांच्या श्रमावर.

१८६७ साली जॉर्ज पुलमन याने शयनयानांची कंपनी स्थापन केली आणि उतारूंचे बिछाने घालण्यापासून त्यांचे जोडे चमकविण्यापर्यंतच्या सेवेसाठी मुख्यतः या मुक्त दासांनाच नेमून त्यांचा मुशाहिरा इतका तुटपुंजा ठेवला, की उरलेली भरपाई उतारूंच्या खिशातून व्हावी. (या सेवकांना, त्यांचे नाव काहीही असो, सरसकट ‘जॉर्ज’ म्हणून हाक मारीत, गुलामास मालकाच्या नावाने ओळखण्याची जुनी खोड ती हीच.) १९२५ साली ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली त्यांची संघटना उभी राहिली, आणि कंपनीस तिच्याशी करार करणे भाग पडावयास १९३७ साल उजाडले.

मध्यंतरी, १९०९ साली, वॉशिंग्टन राज्याने बक्षिशीस कायद्याने बंदी घातली, आणखी काही राज्यांनी त्याचे अनुकरण केले. पण १९२६ पर्यंत ही सर्व बंदी रद्दबातल झाली. पुढे संघराज्याच्या किमान वेतन कायद्यातील १९६६ च्या दुरुस्तीने तर बक्षिशीची रक्कम किमान वेतनात मुजरा करून घेण्याची मुभाच मालकांस मिळाली. कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत पूर्ण किमान वेतन आधी द्यावे लागते. परंतु संघराज्याच्या कायद्यानुसार मालकाने रोख द्यावयाचा तासाचा दर १९९१ पासून २.१३ डॉलरवरच खिळलेला आहे.

ही पद्धत अन्यायाची आहे, असेच माझे मत आहे. तथापि तिच्यावरील राग वाढप्यावर काढणाऱ्या पाहुण्याने मालकाचा एक पैसाही कमी होत नाही हे ध्यानी घ्यावे, आणि टेबलावर येऊन वाढले असेल तेथे शेकडा अठरा-वीस निमूट लिहून सही करावी.