चुन्याच्या घाणीपासून फिरत्या पिंपापर्यंत

चुना आणि वाळू एकजीव करण्यासाठी आपल्याकडे पूर्वी घाणी असे. वर्तुळाकार चर, त्यात फिरणारे जड दगडी चाक आणि त्या चाकाला जुंपलेला बैल, एवढाच तिचा पसारा. परंतु कालवण्याचे कष्ट माणसाच्या बाहूंवरून उतरवून दुसऱ्या शक्तीवर सोपवावेत, हा विचार तिच्यात पूर्णपणे आलेला होता. पुढील यंत्रांनी बैल बदलला. तत्त्व तेच राहिले.

१८२४ मध्ये जोसेफ ॲस्पडिन याने इंग्लंडात पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले. भारतात १९१४ मध्ये पोरबंदर येथे सिमेंट तयार होऊ लागले. चुना सवडीने घट्ट होतो, सिमेंट मात्र वाट पाहत नाही. पाणी पडले की काही तासांतच ते आवळू लागते. म्हणून फावड्याने कालवून घमेल्याने वाहण्याची जुनी रीत मोठ्या कामास अपुरी पडली आणि फिरणारे पिंप पुढे आले.

हे पिंप चालत्या गाडीवर चढवण्याची कल्पना अमेरिकेतील कोलंबस शहरी राहणाऱ्या स्टीफन स्टेपानियन याने १९१६ च्या सुमारास मांडली. त्या काळच्या मालमोटारींना एवढे ओझे पेलणार नाही, अशी शंका तिच्याविषयी घेतली गेली. शंका अगदीच निराधार नव्हती. एक घनमीटर ओल्या काँक्रिटचे वजन सुमारे २४०० किलो भरते. यंत्राची निवड करताना आजही पहिला प्रश्न हाच असतो : पिंप किती मोठे, हा नव्हे, ते पेलणारे यंत्र किती समर्थ, हा.

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात सिरिल आणि लुई केलर या बंधूंनी १९५७ मध्ये टर्की पक्ष्यांचे खुराडे साफ करण्यासाठी एक चिमुकले, जागच्या जागी वळणारे यंत्र बनवले. त्या वंशातील यंत्रांच्या पुढच्या बाहूंना आज बादलीऐवजी काँक्रिट मिसळणारे पिंप जोडतात. यंत्रातील दाबाचे तेल ते फिरवते. ट्रॅक्टरच्या मागे बसणारे पिंप मिनिटाला ५४० फेरे घेणाऱ्या दांड्याच्या शक्तीवर चालते. पाव घनमीटर मिश्रण म्हणजे ६०० किलो, त्यात पिंपाचे वजन वेगळे. चाकांच्या यंत्राला ज्या ओझ्याने उलटण्याची पाळी येईल, त्याच्या निम्मेच ओझे त्याने उचलावे, असा दंडक आहे. तो विसरणारा माणूस काँक्रिटबरोबर चालकाचा जीवही पणाला लावतो. काम संपताच पिंप धुणे हाही असाच नेम; आतील पात्यांवर थर गोठला की उद्याचे मिश्रण आजच बिघडले.

परंतु यंत्र घ्यावे की न घ्यावे, याचे उत्तर सर्वत्र सारखे नसते. १९५५ च्या नोव्हेंबरात भाक्रा धरणावर काँक्रिट ओतण्यास प्रारंभ झाला, आणि पुढच्याच महिन्यात नागार्जुनसागरची पायाभरणी झाली. भाक्राची २२६ मीटर उंचीची भिंत यंत्रांच्या बळावर काँक्रिटची उभी राहिली; कृष्णेवरची भिंत असंख्य मजुरांच्या हातांनी दगडी बांधकामाची झाली. पहिल्या ठिकाणी यंत्र अपरिहार्य होते. दुसऱ्या ठिकाणी हातांना काम देणे हाही हिशेबाचा भाग होता. दोन्ही धरणे उभी आहेत.

एक गोष्ट मात्र कोणतेही यंत्र करू शकत नाही. शिकागोच्या लुईस इन्स्टिट्यूटमधील डफ एब्रम्स याने १९१८ मध्ये दाखवून दिले की, सिमेंटच्या मानाने पाणी वाढले की काँक्रिटचे बळ घटते. मिश्रण सहज ओतता यावे म्हणून घातलेली जादा बादली पिंप निमूटपणे एकजीव करून टाकते. ते तक्रार करीत नाही. ती तक्रार काही वर्षांनी स्लॅब करतो, आणि तोवर त्याखाली कुणाचे तरी घर वसलेले असते. बैलाच्या घाणीजवळ उभा राहून पाण्याकडे लक्ष ठेवणारा जाणता गवंडी म्हणूनच फिरत्या पिंपाजवळही हवा.