कारागृह प्रशासन आणि न्याय-तंत्रज्ञान संशोधन : एक जबाबदारीचे करिअर

पोलीस, वकिली आणि न्यायदान ही फौजदारी न्यायव्यवस्थेची परिचित क्षेत्रे आहेत. तरुणांचा ओढाही त्यांच्याकडेच अधिक असतो. याच व्यवस्थेचा शेवटचा टप्पा असलेल्या कारागृहाकडे मात्र करिअर म्हणून फारसे कुणी पाहत नाही. उंच भिंतींमागे चालणारे हे काम समाजाच्या नजरेआड राहते, हे त्याचे एक कारण होय. वास्तविक, आरोपीला अटक झाल्यापासून त्याची सुटका होईपर्यंतचा प्रत्येक दिवस मोजण्याची जबाबदारी याच यंत्रणेवर असते. गेल्या काही वर्षांत या मोजदादीचे काम संगणकाकडे गेले आहे. त्यामुळे प्रशासन, कायदा, समाजकार्य व माहिती तंत्रज्ञान यांचा संगम असलेले एक नवे अभ्यासक्षेत्र आकाराला येत आहे. सेवाभाव आणि चिकाटी असलेल्या विद्यार्थ्यांनी त्याचा अवश्य विचार करावा.

क्षेत्राची पार्श्वभूमी

भारतातील आधुनिक कारागृह व्यवस्था ब्रिटिश राजवटीत उभी राहिली. १८९४ च्या कारागृह कायद्याने तिला कायदेशीर चौकट दिली. शिस्त, बंदोबस्त आणि सक्तमजुरी यांवर त्या कायद्याचा भर होता. १९१९-२० च्या अखिल भारतीय कारागृह समितीने बंद्याची सुधारणा व पुनर्वसन हे कारागृहाचे उद्दिष्ट असावे, हा विचार ठामपणे मांडला. स्वातंत्र्यानंतर न्या. आनंद नारायण मुल्ला यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८० ते १९८३ या काळात संपूर्ण व्यवस्थेचा आढावा घेतला. कारागृहांसाठी स्वतंत्र अखिल भारतीय सेवा असावी, अशी शिफारसही या समितीने केली होती. ती प्रत्यक्षात आली नाही. राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टानुसार कारागृहे हा राज्यांचा विषय असल्याने भरती, पदरचना व नियम राज्यागणिक वेगळे आहेत. केंद्रीय गृह मंत्रालयाने २०१६ साली आदर्श कारागृह नियमपुस्तिका आणि २०२३ साली आदर्श कारागृह व सुधारसेवा अधिनियम राज्यांपुढे ठेवला. कायद्याच्या नावातच ‘सुधारसेवा’ हा शब्द आल्याने या खात्याकडून आता काय अपेक्षा आहे, हे स्पष्ट होते.

महाराष्ट्राला या बाबतीत स्वतःची परंपरा आहे. औंध संस्थानाने १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे बंद्यांची खुली वसाहत सुरू केली. कुंपणाशिवाय, विश्वासावर चालणारी ही वसाहत ‘दो आँखे बारह हाथ’ (१९५७) या व्ही. शांताराम यांच्या चित्रपटाची प्रेरणा ठरली. चित्रपटाची कथा ग. दि. माडगूळकर यांची होती. दिल्लीच्या तिहार कारागृहात १९९३ ते १९९५ या काळात किरण बेदी यांनी शिक्षण, तक्रारपेटी व विपश्यना यांसारखे उपक्रम राबविले, त्यांचीही देशभर चर्चा झाली. एका अधिकाऱ्याच्या दृष्टीमुळे हजारो माणसांचे दैनंदिन जीवन बदलू शकते, हे अशा उदाहरणांतून दिसते.

आजची स्थिती

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग कारागृहांविषयीची वार्षिक आकडेवारी प्रसिद्ध करतो. तिच्यानुसार ३१ डिसेंबर २०२२ रोजी देशातील १,३३० कारागृहांत ५,७३,२२० बंदी होते. या कारागृहांची अधिकृत क्षमता होती ४,३६,२६६, म्हणजे शंभर जणांच्या जागेत १३१ जण राहत होते. याहून महत्त्वाची बाब अशी की, यांपैकी ४,३४,३०२ जण न्यायाधीन बंदी, बोलीभाषेत ‘कच्चे कैदी’ होते. दर चार बंद्यांपैकी तिघांचा गुन्हा सिद्ध झालेला नव्हता. हे प्रमाण लक्षात घेतले म्हणजे कारागृह प्रशासन हा केवळ कुलूप-किल्लीचा व्यवहार नाही, हे पटते.

कामाचे स्वरूप

महाराष्ट्रात हे खाते ‘कारागृह व सुधारसेवा’ या नावाने गृह विभागाच्या अखत्यारीत काम करते. त्याचे मुख्यालय पुण्यात आहे. राज्यातील येरवडा, मुंबई, ठाणे, तळोजा, नाशिकरोड, छत्रपती संभाजीनगर, नागपूर, अमरावती व कोल्हापूर ही मध्यवर्ती कारागृहे होत. त्यांखेरीज जिल्हा कारागृहे, खुली कारागृहे आणि महिला कारागृहे आहेत. खात्याच्या प्रमुखपदी भारतीय पोलीस सेवेतील वरिष्ठ अधिकारी असतो. त्याखालील श्रेणींत उपमहानिरीक्षक, अधीक्षक, उपअधीक्षक, तुरुंगाधिकारी, सुभेदार, हवालदार व शिपाई अशी पदे येतात.

अधिकाऱ्याचा दिवस पहाटे बराकी उघडून बंदीगणना करण्यापासून सुरू होतो आणि संध्याकाळच्या गणनेचा आकडा जुळल्यावर संपतो. मधल्या वेळेत न्यायालयात पाठवायच्या बंद्यांची यादी, नातेवाइकांच्या मुलाखती, स्वयंपाकगृह, दवाखाना, उद्योगशाळा, झडती आणि तक्रारी यांकडे पाहावे लागते. शिक्षेतील माफीचे दिवस मोजणे, संचित रजा व अभिवचन रजेचे प्रस्ताव तयार करणे, सुटकेचा आदेश तपासणे ही कामे कार्यालयीन वाटली, तरी त्यांतील एका चुकीची किंमत बंद्याला अधिकच्या कोठडीच्या रूपाने मोजावी लागते. अधिकाऱ्यांबरोबर वैद्यकीय अधिकारी, समुपदेशक, शिक्षक, परिवीक्षा अधिकारी व सामाजिक कार्यकर्ते यांनाही येथे काम आहे.

तंत्रज्ञानाचा प्रवेश

पोलीस ठाण्यांना जोडणाऱ्या गुन्हे व गुन्हेगार माग यंत्रणेच्या प्रकल्पाला २००९ साली मंजुरी मिळाली. न्यायालयांसाठी ई-कोर्ट्‌स आणि कारागृहांसाठी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने विकसित केलेली ई-प्रिझन्स प्रणाली आली. पोलीस, न्यायालये, कारागृहे, न्यायसहायक प्रयोगशाळा आणि अभियोग या पाच अंगांची माहिती एकमेकांना उपलब्ध व्हावी, यासाठी आंतरचालित फौजदारी न्यायप्रणाली उभारण्यात येत आहे. नातेवाइकांसाठी ‘ई-मुलाखत’ आणि न्यायालयीन हजेरीसाठी दूरदृश्य प्रणाली यांचा वापर वाढला आहे.

यातून काय साधते, हे एका उदाहरणावरून कळेल. सर्वोच्च न्यायालयाने जामीन देऊनही आदेशाची अधिकृत प्रत न पोहोचल्याने आग्रा येथील कारागृहातील बंद्यांची सुटका रखडल्याचे २०२१ साली उघडकीस आले. न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली. त्यानंतर आदेश सुरक्षितपणे व तत्काळ पाठविणारी ‘फास्टर’ ही प्रणाली ३१ मार्च २०२२ रोजी सुरू झाली. पुढे ३१ जानेवारी २०२३ च्या निर्देशांनुसार जामिनाच्या आदेशाची प्रत त्याच दिवशी अथवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने कारागृह अधीक्षकामार्फत बंद्याला देणे आणि जामिनाची तारीख ई-प्रिझन्समध्ये नोंदविणे आवश्यक झाले. सात दिवसांत सुटका न झाल्यास अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावयाचे असते. जामिनाची रक्कम भरता येत नाही एवढ्याच कारणाने आत राहिलेली माणसे अशा नोंदींमुळे शोधता येतात. अशा गरीब बंद्यांसाठी केंद्र शासनाने २०२३ साली अर्थसाहाय्याची योजना आखली. तिच्यात त्या वेळी न्यायाधीन बंद्यासाठी ४० हजार रुपयांपर्यंत, तर दंड न भरल्याने अडकलेल्या सिद्धदोष बंद्यासाठी २५ हजार रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद करण्यात आली.

दुसरे उदाहरण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ चे. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. मृत्युदंड किंवा जन्मठेपेची तरतूद असलेले गुन्हे वगळता, कमाल शिक्षेच्या निम्मा काळ कोठडीत काढलेला न्यायाधीन बंदी जामिनास पात्र ठरतो. यापूर्वी कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्यासाठी ही मर्यादा एकतृतीयांश आहे. चोरीच्या साध्या गुन्ह्याची कमाल शिक्षा तीन वर्षे धरली, तर पूर्वी दोषी न ठरलेला आरोपी एका वर्षानंतर आणि अन्य आरोपी दीड वर्षानंतर पात्र होतो. ही मुदत पूर्ण होताच न्यायालयाकडे लेखी अर्ज करण्याचे कर्तव्य कायद्याने कारागृह अधीक्षकावर सोपविले आहे. आरोपीवर एकापेक्षा अधिक गुन्हे अथवा प्रकरणे प्रलंबित असतील, तर मात्र हा लाभ मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २३ ऑगस्ट २०२४ रोजी हे कलम जुन्या प्रकरणांतील बंद्यांनाही लागू असल्याचे स्पष्ट केले.

हा हिशेब संगणक क्षणात करू शकतो. परंतु अटकेची तारीख चुकीची नोंदली गेली, आरोपपत्रात बदललेली कलमे प्रणालीत आली नाहीत किंवा एकाच नावाच्या दोन व्यक्तींची सरमिसळ झाली, तर पात्र बंदी यादीबाहेर राहतो. पोलीस ठाण्यातील नोंद मराठीत, न्यायालयातील इंग्रजीत आणि नावाचे स्पेलिंग तीन ठिकाणी तीन प्रकारचे, ही आपल्याकडील सहज संभवणारी अडचण आहे. ती सोडविणारा संशोधक एखाद्याला घरी जाण्याचा मार्ग मोकळा करून देत असतो.

संशोधनातील मूलभूत प्रश्न

न्याय-तंत्रज्ञानाचे संशोधन म्हणजे केवळ नवी उपकरणे बसविणे नव्हे. उपकरणाचा परिणाम तपासणे हे त्याचे खरे काम आहे. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यातील न्यायाधीश जॅक लव्ह यांनी १९८३ साली आरोपीच्या घोट्याला इलेक्ट्रॉनिक पट्टा बांधण्याचा प्रयोग केला. आज अनेक देशांत तुरुंगवासाला पर्याय म्हणून ही पद्धत वापरली जाते. भारतात जम्मू-काश्मीर पोलिसांनी २०२३ साली जामिनावरील आरोपीसाठी असा पट्टा वापरला. २०२३ च्या आदर्श अधिनियमातही रजेवरील बंद्यांसाठी अशा साधनाचा विचार आहे. मात्र ८ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, आरोपीच्या हालचालींवर पोलिसांना सतत नजर ठेवता येईल अशी जामिनाची अट घालता येणार नाही, असा निर्णय दिला. गर्दी कमी करण्याचा फायदा आणि खासगीपणाचा हक्क यांतील ही सीमारेषा आखण्यासाठी अभ्यासकांची गरज आहे.

आरोपी पुन्हा गुन्हा करील काय, याचे भाकीत वर्तविणाऱ्या संगणकीय प्रणालींबाबतही असाच प्रश्न आहे. अमेरिकेतील ‘कॉम्पास’ या प्रणालीची ‘प्रोपब्लिका’ या वृत्तसंस्थेने २०१६ साली तपासणी केली. पुढे गुन्हा न केलेल्यांपैकी कृष्णवर्णीयांना ‘अधिक धोकादायक’ ठरविण्याचे प्रमाण गोऱ्यांच्या तुलनेत जास्त असल्याचे तिने दाखविले. प्रणाली तयार करणाऱ्यांनी हा निष्कर्ष अमान्य केला आणि निष्पक्षता नेमकी कशी मोजावी, यावर मोठा वाद झाला. जुन्या नोंदींतील पूर्वग्रह यंत्रातही उतरू शकतो, हा त्यातील धडा आपल्यालाही लागू आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कारागृहांतील जातीवर आधारित कामवाटप घटनाबाह्य ठरविले आणि बंद्यांच्या नोंदवह्यांतील जातीचा रकाना काढून टाकण्याचे निर्देश दिले. नोंदवहीत कोणता रकाना असावा आणि कोणता नसावा, हा तांत्रिक दिसणारा प्रश्न मुळात न्यायाचा असतो.

शैक्षणिक पात्रता व प्रशिक्षण

महाराष्ट्रात कारागृह शिपाई पदासाठी बारावी उत्तीर्ण उमेदवारांना पोलीस भरतीच्या वेळी अर्ज करता येतो. तेथे शारीरिक व लेखी अशा दोन्ही चाचण्या असतात. अधिकारी पदांसाठी पदवी आवश्यक असते. वय, उंची व आरक्षण यांचे तपशील प्रत्येक जाहिरातीत पडताळून पाहावेत. निवड झालेल्यांना येरवडा येथील तुरुंग अधिकारी प्रशिक्षण महाविद्यालयात प्रशिक्षण मिळते. राज्याबाहेर वेल्लोर येथील १९७९ साली स्थापन झालेली प्रबोधिनी, चंदीगडची सुधारप्रशासन संस्था आणि लखनौचे डॉ. संपूर्णानंद कारागृह प्रशिक्षण संस्थान ही महत्त्वाची प्रशिक्षण केंद्रे होत.

संशोधनाकडे वळू इच्छिणाऱ्यांना मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतील गुन्हेशास्त्र व न्याय या विषयातील पदव्युत्तर शिक्षण उपयुक्त ठरते. याच संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून कोठडीतील व्यक्तींसाठी काम करीत आहे. गांधीनगर येथील राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ (२०२०), सागर विद्यापीठ, धारवाडचे कर्नाटक विद्यापीठ व मद्रास विद्यापीठ येथे गुन्हेशास्त्राचे अध्यापन होते. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील राष्ट्रीय विधी विद्यापीठांतून कायद्याच्या बाजूने या क्षेत्रात येता येते. संगणकशास्त्र किंवा संख्याशास्त्राच्या पदवीधरांनी फौजदारी कायद्याची तोंडओळख करून घेतल्यास त्यांना चांगला वाव आहे. केंद्रीय पोलीस संशोधन व विकास विभाग, राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, विद्यापीठे, विधी साहाय्य संस्था आणि धोरण-संशोधन संस्था येथे अशा अभ्यासकांना काम मिळू शकते. संयुक्त राष्ट्रांचे २०१५ चे ‘नेल्सन मंडेला नियम’ हा या क्षेत्रातील आंतरराष्ट्रीय मापदंड असून प्रत्येक विद्यार्थ्याने तो वाचलेला असावा.

आवश्यक गुण

या क्षेत्रात झगमगाट नाही. कामाचे तास अनियमित असतात, मनावर ताण येतो आणि चांगल्या कामाची बातमी क्वचितच होते. संयम, नोंदींमधील काटेकोरपणा, भ्रष्ट मोहापासून अलिप्तता आणि समोरच्या व्यक्तीकडे तिच्या गुन्ह्यापलीकडे जाऊन पाहण्याची क्षमता हे गुण येथे अत्यावश्यक आहेत. संशोधकाला याखेरीज आणखी एक पथ्य पाळावे लागते. बंदी नकार देण्याच्या स्थितीत नसतो, म्हणून त्याची संमती आणि त्याच्या माहितीची गोपनीयता यांबाबत विशेष दक्ष राहावे लागते.

या विषयात रस असलेल्या विद्यार्थ्यांनी पदवीच्या काळातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या विधी स्वयंसेवक उपक्रमात सहभागी व्हावे, कारागृहांची वार्षिक आकडेवारी वाचण्याची सवय लावून घ्यावी आणि शक्य झाल्यास सत्र न्यायालयातील जामिनाच्या सुनावण्या बसून ऐकाव्यात. भिंतीपलीकडील माणसाचा एक दिवसही विनाकारण वाया जाऊ नये, असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांच्यासाठी हे क्षेत्र खुले आहे.