यजमानाची ओळख

बेळगोळ म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे गोमटेश्वर उभा राहतो. आम्ही ज्या बेळगोळात बसून हे लिहीत आहोत ते निराळे. म्हैसूरहून कृष्णराजसागराकडे जाताना लागणारे एक साधे गाव. पाहुण्यांना हा खुलासा करून आम्ही थकलो. तथापि नावाच्या या घोटाळ्यामुळे श्रवणबेळगोळच्या त्या मराठी ओळी आम्हांस वारंवार आठवतात. त्यांत ‘करवियले’ हे क्रियापद दोनदा येते : मूर्ती चावुंडराजाने करविली, भोवतालचे सुत्ताले गंगराजाने करविले. करविणाऱ्यांची नावे शतकानुशतके टिकली. करणाऱ्यांचा तेथे उच्चारही नाही. मग करणाऱ्याने करविणाऱ्याला ओळखले कसे, त्याच्या मनातले काढून घेतले कसे, हे कोण सांगणार?

जुन्या शिल्पशास्त्राला हा प्रश्न सुचला नव्हता असे मात्र नाही. घर बांधवून घेणाऱ्यास तेथे ‘यजमान’ म्हणतात. मात्रांगुल नावाचे एक माप तर बोटाच्या मधल्या पेरावरून घेत, आणि ते बोट यजमानाचेही चाले. आयादि गणितात त्याचे जन्मनक्षत्र लागे. दक्षिणेत प्रचलित असलेल्या ‘मयमता’सारख्या ग्रंथांत हा सारा विधी आहे. आज त्याला कोणी भाबडेपणा म्हणेल. परंतु काम सुरू होण्यापूर्वी स्थपती यजमानासमोर बसे आणि त्याचा हात हातात घेई, एवढी गोष्ट आम्हांस लहान वाटत नाही.

म्हैसूरचा जुना लाकडी राजवाडा १८९७ साली राजकन्या जयलक्षम्मण्णी यांच्या विवाहप्रसंगी लागलेल्या आगीत भस्मसात झाला. नव्या वाड्याचे काम हेन्री आयर्विन यांच्याकडे आले. यापूर्वी त्यांनी सिमल्याचे व्हाइसरॉय-निवास उभारले होते. तेथील यजमान म्हणजे एक हुद्दा. लॉर्ड डफरिन यांनी त्या कामात जातीने लक्ष घातले, आणि १८८८ च्या जुलैत राहावयास जाऊन त्याच वर्षअखेर त्यांना हिंदुस्थान सोडावा लागला! म्हैसूरला यजमान पिढीजात होता. पण तोही सरळ हाती लागणारा नव्हता. चामराजेंद्र १८९४ मध्ये कलकत्त्यास वारले होते. कारभार राजमाता वाणीविलास केंपनंजम्मण्णी पाहत होत्या. ज्याने या वाड्यात नांदावयाचे तो कृष्णराज अवघा तेरा वर्षांचा. तेरा वर्षांच्या मुलाला त्याचा दरबार कसा हवा, हे विचारणार तरी कसे?

विचारले गेले ते माणसाला नव्हे, रिवाजाला, असे आम्हांस वाटते. नव्या वाड्याचा सर्वसाधारण आराखडा जुन्या वाड्याला बराच धरून आहे. दसऱ्याला राजा सिंहासनावर कोठे बसतो, लोक समोर कोठे उभे राहतात, अंतःपुरातील स्त्रिया कोठून पाहतात, ही उत्तरे त्या जळालेल्या घराने देऊन ठेवली होती. आगीने एक नवी अटही घातली : लाकडाऐवजी दगड, विटा, लोखंड. कल्याणमंडपाचे ओतीव खांब ग्लासगोहून आले. वरच्या रंगीत काचांत मोर मात्र इथलेच. कामावर देखरेख करणारे अभियंते राघवुलू नायडू यांनी दिल्ली, मद्रास, कलकत्ता येथील इमारती हिंडून अभ्यासल्या होत्या. आमच्या मते साहेब आणि राजघराणे यांच्यामधला खरा दुभाषा हाच. काम १९१२ पर्यंत चालले; खर्च ४१,४७,९१३ रुपये. मधल्या काळात घराण्याचा मुक्काम जगन्मोहन वाड्यात होता. तेथेच १९०२ साली लॉर्ड कर्झन यांनी कृष्णराजांना अधिकारसूत्रे दिली. घर पुरे झाले तेव्हा मुलगा अठ्ठावीस वर्षांचा झाला होता.

बडोद्यास हाच प्रकार. लक्ष्मीविलासाचे आराखडे मेजर मँट यांनी केले तेव्हा सयाजीराव अल्पवयीन होते. कवळाण्याच्या शेतकरी घरातून १८७५ मध्ये दत्तक आलेल्या मुलाला वाड्याची हौस ती काय ठाऊक! त्यांना १८८१ च्या डिसेंबरात अधिकार मिळाले. मँट त्याच साली वारले, आणि चिझम यांनी काम १८९० मध्ये तडीस नेले. परंतु येथे एक जाणता मध्यस्थ होता : दिवाण सर टी. माधवराव, कुंभकोणमचे मराठी घराणे. त्रावणकोरच्या दिवाणगिरीपासून ते रविवर्म्यास ओळखत. १८८१ च्या अधिकारग्रहणास रविवर्मा बडोद्यास आले, यजमानाला त्यांनी जवळून पाहिले, आणि पुढे पौराणिक चित्रांचे मोठे काम त्यांनाच मिळाले. त्यासाठी ते नाना प्रांतांचे वेष पाहत हिंडले. दूरदेशी मुरलेल्या मराठी माणसाला दोन्हीकडची भाषा कळते, हा आमचा अभिमान वाचकांनी क्षम्य मानावा.

आम्ही केंद्र सरकारचे कारकून. आम्हांस मिळणाऱ्या निवासाचा प्रकार पगाराच्या श्रेणीवरून ठरतो. आमचे बोट कोणी मोजले नाही की नक्षत्र पुसले नाही. एका वसाहतीत आमचे देव चार वर्षे शेगडीशेजारच्या फळीवर धुरकटत होते, कारण कोनाडा कोठे हवा हे विचारावयास कोणी आलेच नव्हते. तेथील गृहिणींनी मात्र खिळे ठोकून, पडदे लावून प्रत्येक घर आपापल्या माणसांना ओळखावयास लावले होते.

पाहुण्यांना आम्ही कल्याणमंडपात नेतो तेव्हा त्यांच्या माना मोरांकडे वळतात. आम्ही भिंतींकडे बोट दाखवितो. दसऱ्याच्या मिरवणुकीची तेथील २६ चित्रे वाडा पुरा झाल्यावर पुष्कळ वर्षांनी, छायाचित्रे समोर ठेवून काढलेली आहेत. घोडे, पालख्या, भालदार, आणि कडेला उभी राहून पाहणारी माणसे. आयर्विन यांच्या नकाशात ती माणसे कोठेच नव्हती.