सिरीयल की यूएसबी? सावित्रीच्या काठावरून

२२ जुलै २०२१ ला महाड पाण्याखाली गेलं. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूरवरून महाडला येते. म्हणजे घाटात कोसळलेलं पाणी आधी पोलादपूरला दिसतं. तिथे काठावर घरगुती पाणीमापक लावायचा आणि महाडच्या नातेवाईकांना वेळेत फोन करायचा, असं ठरवलं तर पहिला प्रश्न: वायर कुठली?

हल्ली कोणीही म्हणेल, यूएसबी. पण १९९६ चं यूएसबी माऊस-प्रिंटरसाठी, म्हणजे टेबलापुरतं. केबल ५ मीटरच्या आतली. शिवाय स्वतःचा व्हेंडर आयडी घ्यायचा तर हजारो डॉलर. हौशी माणसाने काय करावं?

सिरीयलचं आरएस-२३२ हे १९६० चं, टेलिप्रिंटर नि मोडेम जोडायला केलेलं. तीन तारांत काम भागतं. पण मजल जेमतेम १५ मीटर. नदीपासून १५ मीटरवर कॉम्प्युटर ठेवला तर आधी तोच बुडेल! १९८३ चं आरएस-४८५ मात्र कमी वेगात १२०० मीटर जातं. त्यात दोन पिळलेल्या तारांमधला फरक वाचतात. वाटेतला गोंगाट दोन्हींवर सारखाच बसतो आणि वजाबाकीत उडतो. साधी युक्ती, पण काय भारी!

१९९८ च्या आयमॅकने सिरीयल पोर्ट काढलं, मग लॅपटॉपवरूनही गेलं. म्हणून सिरीयल मेलं का? छे! २००५ साली आलेल्या आर्डुइनोच्या सुरुवातीच्या बोर्डांवर सिरीयल पोर्टच होतं. पुढे यूएसबी आलं तेही एका चिपमार्फत, आत बोलणं सिरीयलच.

असो. माझं मत: नदीपासून घरापर्यंत आरएस-४८५, शेवटच्या हातभर अंतराला यूएसबीचं डोंगल. आणि मापकाला बॅटरी हवीच, कारण पावसात पहिली जाते ती लाईट.