गाजर गवत : घरचं मीठ आणि विकतचं औषध

मंडळी, आता गाजर गवताकडे वळू. मूळचं अमेरिका खंडातलं हे तण 1950च्या दशकात पुण्याच्या परिसरात नजरेत भरलं आणि पुढं देशभर पसरलं. अंगाला खाज, कुणाला दमा. मग ते मारायचं कशानं?

विकतचा पर्याय तेव्हा नवाच होता. टू-फोर-डी हे तणनाशक दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या संशोधनातून आलं आणि 1945च्या सुमारास अमेरिकेत बाजारात उतरलं. त्याची खुबी अशी, की रुंद पानांचं तण मरतं, पण ऊस-ज्वारीसारखी गवतवर्गीय पिकं वाचतात. 1974 मध्ये ग्लायफोसेट आलं. ते असा भेद करत नाही. हिरवं दिसेल ते मुळापर्यंत मारतं. 2022 मध्ये केंद्र सरकारनं त्याच्या वापरावर निर्बंधांची अधिसूचना काढली.

घरचा उपाय म्हणजे मीठ. लिटरभर पाण्यात साधारण 200 ग्रॅम, कडक उन्हात फवारायचं. पानं करपतात, खर्चही कमी. पण मीठ मातीतून सहजी जात नाही. म्हणून ते पडीक जागी किंवा रस्त्याकडेला ठीक. शेतात मारलं, तर पुढचं पीकच धोक्यात. म्हणजे बघा, 'घरगुती' याचा अर्थ 'निरुपद्रवी' असा होत नाही.

आणि मातीत पडलेलं बी या फवारण्यांनी संपत नाही. एकेक झाड हजारोंनी बी टाकतं. त्यामुळं बाटली कुठलीही घ्या, खरी वेळ एकच: फुलं येण्याआधी. तेव्हा हातमोजे घालून मुळासकट उपटणं, हे आजही जुनं झालेलं नाही.