द डॅल्स गावाचे पाणी

उन्हाळ्यात माठातले पाणी गार का राहते, हे आपल्या शाळांतून शिकवतात. माठ पाझरतो, पाझरलेले पाणी वाफ होऊन उडते आणि उडताना उष्णता बरोबर घेऊन जाते. गारवा मिळतो, पण माठातले पाणी कमी होते. ज्या कृत्रिम बुद्धिमत्तेचा आज एवढा बोलबाला आहे, तिचा कारभारही पुष्कळ ठिकाणी याच न्यायाने चालतो. मोबाइलवर प्रश्न आपण विचारतो. उत्तर तयार होते ते दूर कुठेतरी, हजारो संगणक भरलेल्या इमारतीत. ते रात्रंदिवस तापतात, आणि त्यांची उष्णता घालवायला पाणी वाफ करून सोडावे लागते. आकाशात गेलेले पाणी त्या गावापुरते गेलेच म्हणायचे.

असे एक गाव अमेरिकेच्या ऑरेगन राज्यात, कोलंबिया नदीच्या काठी आहे. नाव द डॅल्स. वस्ती १६,००० च्या आसपास, म्हणजे आपल्याकडचे तालुक्याचे लहानसे गाव म्हणा ना! त्याच्या वरच्या अंगाला सेलायलो नावाचा मोठा धबधबा होता. तिथले मूळ रहिवासी हजारो वर्षे खडकांवर लाकडी मचाणे बांधून सामन मासे धरीत आले होते. दूरदूरच्या जमाती तिथे देवघेवीसाठी जमत. १० मार्च १९५७ रोजी नव्या धरणाचे दरवाजे बंद झाले आणि काही तासांतच तो धबधबा पाण्याखाली गेला. लोक काठावर उभे राहून बघत होते. दुसरे काय करणार?

धरणाने वीज दिली. स्वस्त विजेच्या मागोमाग अॅल्युमिनियमचा कारखाना आला, सुमारे चाळीस वर्षे चालला आणि बंद पडला. मग २००६ साली गूगल कंपनीची संगणक केंद्रे त्याच गावात सुरू झाली. जमिनीचा करार झाला तेव्हा कंपनीने स्वतःचे नाव पुढे केले नव्हते. दुसऱ्याच एका नावाने व्यवहार झाला. हा आडपडदा पुढेही राहिला.

२०२१ साली गूगलला आणखी केंद्रे उभारायची होती. 'ऑरेगोनियन' या वृत्तपत्राने नगरपालिकेला साधा प्रश्न विचारला : सध्याची केंद्रे पाणी किती घेतात? नगरपालिका म्हणाली, ते व्यापारी गुपित आहे. जिल्ह्याच्या सरकारी वकिलाने माहिती द्या म्हणून सांगितले, तर नगरपालिकेने वृत्तपत्रावरच दावा लावला! दाव्याचा खर्च गूगलने सोसला. गावाच्या नळाचा आकडा गावकऱ्यांपासून लपवायला गावचीच संस्था कोर्टात उभी राहावी, हे मला धबधब्याच्या बुडण्याइतकेच उद्वेगजनक वाटते. त्याच सुमारास नगरपालिकेने कंपनीशी करारही केला. नव्या पाणीव्यवस्थेसाठी सुमारे २ कोटी ८५ लाख डॉलर कंपनीने द्यायचे आणि जुन्या कारखान्याच्या जागेवरचे पाण्याचे हक्क नगरपालिकेकडे सोपवायचे. हा करार गावाच्या फायद्याचा असेलही, पण आकडा माहीत नसताना तो पारखायचा कसा?

तेरा महिन्यांनी, डिसेंबर २०२२ मध्ये, तडजोड झाली आणि दहा वर्षांचे आकडे बाहेर आले. २०२१ साली केंद्रांनी ३५ कोटी ५१ लाख गॅलन, म्हणजे सुमारे १३४ कोटी लिटर पाणी घेतले होते. गावाच्या एकूण वापराचा हा चौथ्या हिश्शाहून अधिक भाग, आणि पाच वर्षांत तो जवळजवळ तिप्पट झालेला!

शिक्षकमित्रांनी हे गणित वर्गात जरूर घालावे. आपल्याकडे नळयोजनेचे माप माणशी रोज ५५ लिटर. दोन हजार वस्तीच्या खेड्याला वर्षाला चार कोटी लिटर लागते. तेव्हा १३४ कोटी लिटर त्या खेड्याला किती वर्षे पुरेल? तेहतीस वर्षांच्या वर!

हे सगळे पाणी कृत्रिम बुद्धिमत्तेपायी गेले असे मात्र समजू नका. त्या वर्षी तिथे टपाल, नकाशे, शोध अशी कामेच बहुत करून चालत. प्रश्नोत्तरांच्या यंत्रांची लाट नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यावर उसळली. एका प्रश्नाला किती पाणी, यावर वाद आहे. गूगलने ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या जेमिनीच्या एका सर्वसाधारण प्रश्नाला ०.२६ मिलिलिटर, जेमतेम पाच थेंब, असा आकडा दिला. रिव्हरसाइड इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ साली आधीच्या एका यंत्राबद्दल दहा ते पन्नास उत्तरांमागे अर्धा लिटर, असा अंदाज दिला होता. यंत्रे वेगळी, शिवाय हिशेबाची रीत वेगळी : संशोधकांनी वीजनिर्मितीत खर्ची पडणारे पाणीही धरले होते, कंपनीने केंद्रातलेच धरले.

आपल्या नवी मुंबईतही अशी केंद्रे उभी राहिली आहेत आणि आणखी येत आहेत. तिथे चौकशी करायची झाली तर प्रश्नोत्तराचे थेंब विचारू नयेत. यंत्रे हवेने गार करता की पाण्याने, पाणी पिण्याचे की शुद्ध केलेले सांडपाणी, आणि एप्रिल-मे महिन्यांत रोज किती, एवढे विचारावे.