सुरतेत भाजणारे हात

मराठी वाचकाला सुरत म्हटली की १६६४ आणि १६७० ही लुटीची दोन साले आठवतात, फार तर घारी आणि जरीकाम. या शहराला भाजण्याचाही एक इतिहास आहे, आणि तो लुटीइतका गाजला नसला तरी आजच्या स्वयंपाकघराला अधिक उपयोगी आहे. थंडी पडली की तापीकाठी अडाजण भागात पोंकाचे मांडव लागतात. पोंक म्हणजे आपला हुरडाच. ज्वारीची कोवळी कणसे निखाऱ्यांत भाजायची आणि हिरवे, मऊ दाणे मोकळे करायचे. फरक आहे तो कामाच्या वाटणीत. आपल्याकडे हुरडा शेतात, आगटीच्या कडेला बसून खातात. त्या आगटीपाशी कणीस भाजणारा, तळहातावर चोळणारा आणि तोंडात टाकणारा एकाच कोंडाळ्यात असतो, पुष्कळदा एकच माणूस असतो. सुरतेने त्याचा धंदा केला. भट्टीवर एकजण कणसे फिरवतो, दुसरा ती कापडी पिशवीत घालून काठीने झोडपतो, बायका फोलपटे पाखडून दाणा स्वच्छ करतात, आणि गिऱ्हाईक लिंबू-मिऱ्याची शेव व साखरेचे दाणे यांच्यासह पुडी घेऊन घरी जाते. त्याच्या हाताला ना धग लागते ना कूस टोचते.

कामाची ही वाटणी आजच्या स्वयंपाकघरात यंत्र निवडतानाही उपयोगी पडते. घरातल्या वयस्क माणसांसाठी विजेचे ग्रिल घ्यायचे म्हटले की आज चर्चा होते ती वॅटची, आकाराची आणि किमतीची. सुरतेचा अनुभव पाहता सुरुवात दुसरीकडून करावी लागते. भाजणे हे या शहरात एका माणसाचे काम कधीच नव्हते. विस्तव पेटवणे, आच ओळखणे, वेळेवर उलथणे, सोलणे-झोडणे आणि शेवटी राख काढणे ही पाच वेगवेगळी कामे होती, आणि ती पाच जणांत, अनेकदा घराबाहेरच्या पाच जणांत वाटलेली होती. ओट्यावरचे यंत्र ती सगळी गोळा करून सत्तरीतल्या हातांच्या एकाच जोडीवर सोपवते. म्हणून ते सोपे आहे की नाही हे त्यावरच्या बटणांच्या संख्येवरून ठरत नाही; त्या पाचांपैकी किती कामे त्याने खरोखर स्वतःकडे घेतली, यावरून ठरते.

सुरतेने भाजणे बाहेर का ठेवले असावे, याची कारणे शहराच्या बांधणीतच दिसतात. जुनी सुरत म्हणजे लाकडी सांगाड्याची, खेटून उभी असलेली घरे आणि अरुंद गल्ल्या. एप्रिल १८३७ मध्ये एका घरात उकळते डांबर पेटले, आणि त्या आगीत नऊ हजारांहून अधिक घरे गेली. त्याच वर्षी तापीला पूरही आला. शहर त्यातून सावरायला कित्येक वर्षे लागली. अशा वस्तीत मोठा विस्तव आणि धूर गावाबाहेर, नदीकाठी किंवा शेताच्या बांधावर ठेवण्यात शहाणपण होते. दक्षिण गुजरातचे उंबाडियू हीच रीत पाळते. वालपापडी, कंद, रताळी, बटाटे मडक्यात कोंबून तोंड पाल्याने बंद करायचे, मडके उपडे घालायचे आणि भोवती जाळ करायचा. डुंगरी-वलसाडच्या हमरस्त्यावर त्याची दुकाने लागतात. आपल्या रायगडातली भांबुर्डीच्या पाल्यातली पोपटी त्याचीच बहीण, तीही उघड्या माळावर होणारी. पावाची गोष्टही निराळी नाही. १८२५ मध्ये डच सुरत सोडून गेले, त्यांच्या भट्टीचा वारसा दोटीवाला या पारशी घराण्याकडे आला असे ते घराणे सांगते. लोकांनी न घेतलेला पाव भट्टीच्या उरलेल्या उबेत वाळला आणि हलका, कुरकुरीत झाला. आजारी माणसाला तो पचतो म्हणून वैद्य-डॉक्टरही सुचवू लागले, अशी सुरती बटाशांची जन्मकथा आहे. कथेतले तपशील कमीअधिक असतील. पण चहात बुडवून बोळक्या तोंडाने खाता येणारा भाजका पदार्थ सुरतेने भट्टीवाल्याकडून विकत घेतला, म्हाताऱ्यांना तो घरी करायला सांगितला नाही, एवढे त्यातून नक्की दिसते.

यावर पहिला आक्षेप चुलीचा. रोटला, पापड, वांगे हे तर घरोघरी बायकाच भाजत होत्या, मग भाजणे घराबाहेरचे कसे? आक्षेप खरा आहे आणि सुरतेतल्या मराठी वस्तीत तो अधिकच खरा आहे. विसाव्या शतकाच्या तोंडावर तापी व्हॅली रेल्वेने सुरत खानदेशाला जोडली; नंदुरबार, अमळनेर, धुळे, जळगावकडचे लोक पुढे मागांच्या आणि रंगाईच्या कारखान्यांत कामाला आले. उधना, लिंबायत, पांडेसरा भागांत आज घराघरांतून अहिराणी ऐकू येते. ही माणसे भरीत घेऊन आली, आणि खानदेशी भरीत म्हणजे भाजण्याच्या कलेचा कळस. जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन आहे, पण चव नुसत्या वांग्याची नसते, कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या जाळाचीही असते. मात्र हे भरीत गावी कसे होते ते नीट पाहिले पाहिजे. अंगणात किंवा शेतात काड्यांचा ढीग पेटतो, मण-मण वांगी एकदम पडतात, जाळापाशी तरुण माणसे असतात, सोलायला चार बाया बसतात, बडगीत कुटायला आणखी कोणी. म्हातारी आजी त्यात असतेच, पण जाळापासून हातभर मागे. वांगे शिजले की कच्चे, हे ती नुसत्या सालीकडे पाहून सांगते आणि बाकीचे तिचे ऐकतात. रोजच्या चुलीवरही वय झालेली बाई हळूहळू मागे सरत असे. उकिडवे बसणे गुडघ्यांना झेपेनासे झाले की चूल सुनेकडे जाई, पारख मात्र सासूकडे राही. (या वाटणीत सुनेच्या वाट्याला धूर आणि सासूच्या वाट्याला अधिकार येत असे, हे विसरून तिचे गोडवे गायचे कारण नाही.) म्हणजे घरातही पाच कामे वाटलेली होती. वयाबरोबर शरीराची कामे सुटत आणि जाणतेपणाचे काम उरत असे.

ही वाटणी मोडली ती गॅसने, विजेने नव्हे. वीज सुरतेत लवकर आली. सुरत इलेक्ट्रिसिटी कंपनी १९२० ची. पण ती दिवे, पंखे आणि पुढे मागांसाठी वापरली गेली. अन्न शिजवण्याइतकी स्वस्त ती कोणालाच वाटली नाही. सिलिंडरचा गॅस भारतात १९५५ मध्ये मुंबईत विकायला सुरुवात झाली, तो यथावकाश सगळीकडे पोचला. १९८५ च्या सुमारास समुद्रातला वायू हजीऱ्याच्या किनाऱ्याला लागला आणि त्यानंतर काही वर्षांतच सुरतेच्या घरांत नळाने गॅस येऊ लागला, देशातल्या बहुतेक शहरांच्या आधी. चूल ओट्यावर चढली, गुडघे सुटले. धूर गेला, राख गेली. ही सुटका मोठी होती. पण त्याचबरोबर स्वयंपाक एकट्याने करता येईल असा झाला, आणि जे करता येते ते करावे लागते. मुले कामावर किंवा परगावी, घरात दोघे म्हातारे, आणि वांगे उघड्या ज्योतीवर जाळी ठेवून चिमट्याने फिरवायचे. इथे पदर आहे, थरथरणारा हात आहे, मधुमेहाने बधिर झालेली बोटे आहेत, ज्यांना चटका उशिरा कळतो. भट्टीवाल्याचे डोळे आणि सुनेचे हात, दोन्ही या ओट्याजवळ नाहीत.

विजेचे ग्रिल या जागी येते, आणि त्याचा पहिला गुण निर्विवाद आहे: ज्योत नाही. बाकीचे गुण तपासून घ्यावे लागतात, कारण हे यंत्र आपल्यासाठी घडलेले नव्हते. १९९४ मध्ये अमेरिकेत जॉर्ज फोरमन या मुष्टियोद्ध्याच्या नावाने जे ग्रिल आले आणि जगभर खपले, त्याची तव्याची उतरण मांसातली चरबी निथळून जावी म्हणून होती. शाकाहारी सुरती घरात त्यावर सँडविच आणि पनीर येते, रताळ्याच्या आणि कंदाच्या चकत्या येतात. त्यांना उतरणीची गरज फारशी नाही. गरज आहे ती दोन्ही बाजूंनी एकदम भाजण्याची, म्हणजे उलथण्याचे काम यंत्राकडे जाते. ठरलेल्या वेळेनंतर किंवा ठरलेल्या तापमानाला आपोआप बंद होणारे यंत्र घेतले तर वेळेवर लक्ष ठेवण्याचे काम जाते, आणि विसराळू वयात ते काम सगळ्यांत धोक्याचे. यंत्र चालू असल्याचा दिवा मात्र मोठा आणि दिवसाच्या उजेडात दिसेल असा हवा. पातळ बारीक आकड्यांच्या पडद्यापेक्षा टकटक आवाज करत फिरणारी जाड कळ चांगली, कारण ती बोटांना आणि कानांना कळते. झाकण एका हाताने उचलता यावे. पुष्कळ चांगली ग्रिले इथेच नापास होतात. त्यांची झाकणे ओतीव लोखंडासारखी जड असतात. विजेचा हिशेबही घरीच करावा. आपल्या भिंतीवरचा लहान सॉकेट ६ अँपिअरचा, २३० व्होल्टला तो जेमतेम १३८० वॅट झेपवतो. ७००-८०० वॅटचा सँडविच मेकर त्यावर चालतो, दीड-दोन हजार वॅटच्या ग्रिलला १६ अँपिअरचाच लागतो. तो ओट्यापासून दूर असला की मध्ये एक्स्टेंशनची वायर लोंबते. ज्योत घालवून पायात अडकणारी वायर आणली तर मिळवले काय?

दुसरा आक्षेप चवीचा, आणि त्याला सरळ उत्तर नाही. काड्यांचा धूर यंत्र देऊ शकत नाही. आख्खे वांगे दोन तव्यांत दाबले तर ते भाजण्याऐवजी उकडते. चिरा देऊन, अर्धे करून ठेवले तर बरे होते, पण खानदेशी माणूस त्याला भरीत म्हणताना जरा थांबेल. पोंक तर ग्रिलवर करूच नये. यातून ग्रिल निकामी ठरत नाही; ते कशासाठी घ्यायचे एवढे ठरते. सणाचे, हंगामाचे भाजणे सुरतेने पूर्वीही मांडवाकडे आणि भट्टीकडे सोपवले होते, ते तिकडेच राहू द्यावे. यंत्र हवे ते मंगळवारच्या साध्या संध्याकाळसाठी, दोन माणसांच्या भुकेपुरते. म्हणून ते लहान असले तरी चालते, किंबहुना लहानच हवे.

तिसरे म्हणणे असे की म्हाताऱ्यांनी कशाला करावे, मुलांनी करून द्यावे किंवा बाहेरून मागवावे. हे प्रेमाने म्हटले जाते, पण पाच कामांपैकी ज्या एका कामावर वयस्कांचा हक्क होता, त्या पारखण्याच्या कामालाच ते हात घालते. आच किती, कधी काढायचे, किती करपू द्यायचे हे ठरवणे त्यांच्याकडे राहिले पाहिजे. म्हणून जे यंत्र सगळेच स्वतः ठरवते आणि मध्येच उघडून पाहू देत नाही, ते माझ्या मते दोन वॅट कमी-जास्त असण्यापेक्षा अधिक वाईट. आणि उरले ते पाचवे काम, राख काढण्याचे. कोणत्याही भट्टीवाल्याने ते गिऱ्हाइकाला कधी सांगितले नाही. ज्या ग्रिलचे तवे सुटे होत नाहीत, त्यात गरम यंत्राशी वाकून, ओल्या फडक्याने, वायर सांभाळत घासावे लागते, आणि महिन्याभरात ते माळ्यावर जाते. तेव्हा दुकानात गेल्यावर ज्याच्यासाठी घ्यायचे त्याच्याच हाती यंत्र द्यावे आणि एवढेच पाहावे की तवे त्याला स्वतःला काढता आणि परत बसवता येतात का.